सर्व्हरच्या किल्ल्या सांभाळताना

छोट्या संस्था, दुकानदार आणि नियतकालिके आपल्या संकेतस्थळाची सुरुवात बहुधा सामायिक होस्टिंगपासून करतात. तेथे एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असतात आणि देखभाल होस्टिंग कंपनी पाहते. वर्दळ वाढली, की ही जागा अपुरी पडू लागते आणि आभासी सर्व्हर, अर्थात व्हीपीएस, घेण्याचा विचार सुरू होतो. सामायिक होस्टिंग ही वसतिगृहातील खाट मानली, तर व्हीपीएस ही स्वतंत्र सदनिका होय. मात्र सदनिकेतला नळ गळू लागला, तर दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते.

नवा व्हीपीएस हाती येतो, तेव्हा त्यावर सहसा केवळ लिनक्स ही कार्यप्रणाली असते. वेब सर्व्हर, डेटाबेस, ई-मेल या साऱ्या गोष्टी आज्ञा टंकून बसवाव्या लागतात. ही कामे ब्राउझरमधून, माउसच्या साहाय्याने करता यावीत म्हणून 'कंट्रोल पॅनेल' वापरतात. सीपॅनेल आणि प्लेस्क ही या क्षेत्रातील जुनी व्यावसायिक नावे. सीपॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येनुसार शुल्क आकारण्यास सुरुवात केल्यानंतर मोफत पर्यायांची चर्चा वाढली. हेस्टिया हा असाच एक मुक्तस्रोत पर्याय. त्याच्या उदाहरणावरून ही प्रक्रिया समजून घेऊ.

आधी तयारी

पॅनेल नेहमी कोऱ्या सर्व्हरवरच बसवावे. आधीपासून दुसरा वेब सर्व्हर किंवा डेटाबेस असेल, तर दोघांची झटापट होते. हेस्टिया डेबियन आणि उबुंटू या प्रणालींवर चालते. किमान १ जीबी मेमरी पुरते; परंतु ई-मेलसाठी विषाणुरोधक आणि स्पॅमरोधक हवे असल्यास ४ जीबी असलेली बरी.

दुसरी तयारी नावाची. सर्व्हरला 'पॅनेल' या उपनावासह आपल्या डोमेनचे पूर्ण नाव द्यावे आणि डोमेनच्या डीएनएस नोंदींत ते नाव सर्व्हरच्या आयपी पत्त्याशी जोडावे. ही नोंद नसेल, तर पुढे सुरक्षा प्रमाणपत्र मिळत नाही.

बसविण्याची प्रक्रिया

सर्व्हरवर 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने प्रवेश करून आधी कार्यप्रणाली अद्ययावत करावी. नंतर हेस्टियाच्या अधिकृत ठिकाणावरूनच प्रस्थापन आज्ञावली उतरवून ती चालवावी. ती ई-मेल पत्ता आणि सर्व्हरचे नाव विचारते आणि बाकीची जुळणी स्वतः करते. चहा पिऊन होईपर्यंत काम बहुधा आटोपते. अखेरीस पडद्यावर पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड दिसतो. तो लगेच सुरक्षित ठिकाणी नोंदवावा. यानंतर ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या नावापुढे ८०८३ हा पोर्ट क्रमांक दिला, की पॅनेल उघडते. प्रारंभी ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र बसविल्यावर ती नाहीशी होते.

खरे काम यानंतर

येथे अनेकजण हात झटकतात आणि तिथेच धोका सुरू होतो. पॅनेल म्हणजे घरातील सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा एकच जुडगा. तो हरवला, तर संकेतस्थळ, ग्राहकांचा पत्रव्यवहार, हिशेब सारेच परक्या हाती पडते. ही भीती काल्पनिक नाही. हेस्टिया ज्या वेस्टा पॅनेलपासून निघाले, त्या वेस्टाच्या प्रस्थापन आज्ञावलीतच हल्लेखोरांनी फेरफार केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या दुसऱ्या पॅनेलमधील त्रुटींचा फायदा घेऊन हजारो सर्व्हरवर खंडणीखोर हल्ले झाले.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. संकेतस्थळे प्रशासकाच्या खात्यात न ठेवता त्यांच्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा. एक संकेतस्थळ फुटले, तरी प्रशासकाचे खाते त्यापासून वेगळे राहते. द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. शक्य असल्यास ८०८३ हे पोर्ट आपल्या ठरावीक आयपी पत्त्यापुरतेच उघडे ठेवावे. घरच्या जोडणीचा पत्ता बदलत असेल, तर आपणच बाहेर अडकण्याची शक्यता असते. तेव्हा होस्टिंग कंपनीच्या कन्सोलमधून आत शिरण्याची वाट आधीच तपासून ठेवावी. अद्ययावतीकरणात चालढकल नको.

हेस्टिया रोजची बॅकअप प्रत मुळात त्याच सर्व्हरवर ठेवते. तिजोरी आणि तिची दुसरी किल्ली एकाच घरात ठेवण्यासारखेच हे! प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठविण्याची व्यवस्था करावी आणि ती परत उभी राहते का, हे एकदा करून पाहावे.

ई-मेलबाबतही सावध असावे. अनेक होस्टिंग कंपन्या टपाल धाडण्यासाठी लागणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. सर्व्हर घेण्यापूर्वीच याची चौकशी करावी, अन्यथा पत्रे बाहेरच पडत नाहीत.

निर्णय घेताना आपल्याकडे दर आठवड्याला सर्व्हरकडे लक्ष देणारी व्यक्ती आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तर मोफत पॅनेल उत्तम सोबती ठरते. नसेल, तर थोडे अधिक पैसे मोजून देखभालीसह मिळणारी सेवा घेणेच शहाणपणाचे.