भिंतीचे शून्य रुपये

वर्धा शहर नालवाडीला येऊन भिडले आणि इथल्या जुन्या मातीच्या घराच्या सौद्यात फक्त जागेचा भाव निघू लागला. चौरस फूट मोजले जातात, समोरच्या रस्त्याची रुंदी पाहिली जाते, सागवानी खांबांचे पैसे वेगळे ठरतात. हातभर जाड भिंतींची किंमत मात्र शून्य, उलट त्या पाडण्याचा खर्च वजा होतो.

हे नालवाडीत व्हावे याची गंमत वाटते. 1932च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि 1938 साली पवनारला जाईपर्यंत इथेच होते. जवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, 1936 मध्ये गांधीजींसाठी घर उभे राहिले. ते गावातल्याच साहित्यातून आणि 500 रुपयांच्या आत व्हावे, अशी त्यांची अट होती. ते आदी निवास आणि बापू कुटी आजही लोक भक्तिभावाने पाहतात, मग घरी जाऊन स्लॅबचा नकाशा काढतात.

त्या शून्य रुपयांच्या भिंतीत काय असते? वाळू आणि पोयट्याचा सांगाडा, आणि त्याला धरून ठेवणारे चिकणमातीचे कण. हे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यांच्यामधला पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. गारा वाळून भिंत घट्ट होते ती या ओढीमुळे, त्यात भाजणे नाही की सिमेंटसारखी रासायनिक क्रिया नाही. कपाशीची काळी माती मात्र इथे चालत नाही. तिच्यातले खनिज थरांच्या मध्ये पाणी घेऊन फुगते, वाळले की आक्रसते, आणि भिंतीला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडतात. म्हणून जुन्या लोकांनी गावठाणातली पांढरी माती वापरली आणि ताण सोसायला तिच्यात कुटार तुडवले.

मातीची भिंत कच्ची, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी तिच्याच वजनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो असतो. चांगली कोरडी कच्ची वीट दहा किलो किंवा त्याहून जास्त दाब सोसते. अट एकच, कोरडी. ओल शिरली की कणांमधली ओढ संपते आणि भिंत पायथ्यापासून खचू लागते.

वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा या जाडीचा खरा उपयोग कळतो. दुपारची उष्णता सुमारे 45 सेंटिमीटर मातीतून आत पोहोचायला बारा तासांहून अधिक वेळ घेते, आणि पोहोचते तेव्हा तिचा जोर पार ओसरलेला असतो. तोवर बाहेर रात्र थंडावलेली असते. छत पत्र्याचे केले तर मात्र हा हिशेब बिघडतो, कारण मग ऊन वरून येते.

किल्लारीच्या भूकंपाचे काय, हा प्रश्न येणारच. 30 सप्टेंबर 1993च्या त्या पहाटेने महाराष्ट्रात मातीचे नाव खराब केले, आणि ती भीती खोटी नाही. पण तिथे कोसळल्या त्या मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती. आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते आणि डोक्यावर मातीचे जड धाबे होते. लाकडी खांबांवर कवेलू पेलणारे घर वेगळे वागते. तरी खांब वाळवीने पोखरलेले असतील, तर या फरकाला अर्थ उरत नाही.

म्हणून असे घर घ्यायला जाणाऱ्याने भिंतीचा तळचा हातभर भाग आधी पाहावा. तिथे सिमेंटचा गिलावा दिसला तर सावध व्हावे. जमिनीतून वर चढलेली ओल मातीतून सहज बाहेर पडते, पण सिमेंटमागे अडकते. वरून टणक दिसणारी भिंत आत भिजत राहते. माती-शेणाचे सारवण दर वर्षी करावे लागते, ही त्याची कटकट खरी, पण ते ओल अडवत नाही. वळचणीचे पाणी पायाशी पडते का, कवेलू फेरून किती वर्षे झाली, हेही विचारावे. आपल्याकडे घराला मारलेल्या रंगाची चौकशी जास्त होते.

पाडायचेच ठरले तर ट्रॉली बोलावण्याआधी एक पाटी माती पाण्यात टाकून पाहावी. काही तासांत तिचा गारा होतो आणि त्यातून नवी भिंत चढवता येते. भाजलेल्या विटेची माती अशी परत येत नाही. मातीत कधी काळी सिमेंट कालवलेले असेल, तर इथेही ही सोय संपलेली असते.