आधी परतीची वाट : दूरच्या राउटरला आदेश देताना

नागपुरात बसून दूरचा राउटर कसा तपासायचा आणि त्यात बदल कसा करायचा, हे आज आपण पाहू. उदाहरणाला भामरागड घेऊ. पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, ही बातमी आपण पावसाळ्यात नेहमी वाचतो. अशा दिवशी आपल्याच चुकीच्या आदेशाने तिथला राउटर तुटला, तर गाडी काढून जाताही येणार नाही.

म्हणून आधी फक्त पाहायचं, हात लावायचा नाही. पाहण्यासाठी पहिला आदेश पिंग. माइक म्यूस यांनी तो १९८३ मध्ये लिहिला. आपण छोटं पॅकेट पाठवतो, समोरचं यंत्र उत्तर देतं आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला ते कळतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ४०० किलोमीटर फायबरला जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. यंत्रांचा थोडा वेळ त्यात धरा. पण ३०० मिलिसेकंद लागत असतील, तर दोष अंतराचा नाही. कुठेतरी गर्दी आहे किंवा वाट फार फिरून जाते आहे. आणि उत्तर आलंच नाही, तरी यंत्र बंद आहे असं लगेच म्हणू नका. फायरवॉलही पिंग अडवते.

मग ट्रेसराउट. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं आपल्याला कळवतो. आपण आकडा १, २, ३ असा वाढवत नेला की वाटेतले थांबे एकेक करून दिसतात. मधेच तारका आल्या, पण पुढचे थांबे उत्तर देत असतील, तर वाट तिथे तुटलेली नाही.

आता बदल. आत शिरायचं ते एसएसएचने; टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो. समजा, आपण ज्या जोडणीवरून आत आलो तिच्यावरच नवा नियम लावला. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली! बसलेली फांदी आपणच तोडली.

यावर उपाय आहे. सिस्कोच्या राउटरवर चालू मांडणी आधी जतन करा, मग ‘रिलोड इन १०’ द्या, आणि त्यानंतर बदल करा. नवा बदल मात्र इतक्यात जतन करायचा नाही. आपण बाहेर फेकलो गेलो, तर १० मिनिटांनी राउटर स्वतःच नव्याने सुरू होतो आणि जुनी मांडणी परत येते. सेवा काही मिनिटं थांबेल, पण भामरागडची खेप वाचेल. ज्युनिपरमध्ये यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. तिथे यंत्र बंद न होता बदल मागे फिरतो.

बदल जमला का, हे जुन्या खिडकीत पाहू नका. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करा. जमलं, तरच ‘रिलोड कॅन्सल’, आणि मग जतन.

मोठ्यांचंही हेच होतं बरं का. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये देखभालीच्या एका आदेशाने त्यांची डेटा सेंटर्स जोडणारं जाळंच तुटलं. दुरून दुरुस्त करण्याची साधनंही त्याच जाळ्यावर होती. शेवटी इंजिनियरांना डेटा सेंटरमध्ये जावं लागलं आणि सेवा सुमारे ६ तास बंद राहिली.

तेव्हा एंटर दाबण्याआधी आपण स्वतःला एकच विचारू : हे चुकलं, तर परत कसे येणार? चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.