परसातील कोंबड्या, रात्रीचे कोळी आणि शेजारधर्म

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण लागते. या भागात नव्याने आलेल्या मराठी माणसाला एक शब्द हमखास चकवतो. कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी आणि ‘नाटी कोळी’ म्हणजे गावठी कोंबडी. मराठी कीटकशास्त्रात मात्र ‘कोळी’ म्हणजे आठ पायांचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. मिरचीवर, वांग्यावर जसे कोळी असतात, तसेच ते कोंबड्यांच्या रक्तावरही जगतात. कन्नड ‘कोळी’ला छळणारा हा मराठी ‘कोळी’ आणि त्याचे सोबती हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यांचा बंदोबस्त एका घराने का होत नाही आणि साऱ्या आळीने मिळून का होतो, हे येथे सांगावयाचे आहे.

परसातील कोंबडीपालन ही किरकोळ बाब राहिलेली नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७ कोटी पक्षी परसातील होते आणि २०१२च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. ही कोंबडी बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीची असते. मुलांच्या ताटातील अंडे, पाहुण्यांसाठीचा रस्सा आणि अडीअडचणीला बाजारात नेऊन लगेच हाती येणारे पैसे, हे सारे तिच्यावर चालते. होसकोट्याच्या वाड्यावस्त्यांत जे चित्र दिसते, ते कोल्हापूर, बीड किंवा गडचिरोलीच्या वाचकालाही परके वाटणार नाही.

देवाणघेवाण कशासाठी?

परसातील कोंबडीपालन शेजाऱ्यांच्या आधारावर उभे असते आणि त्याला जीवशास्त्रीय कारण आहे. बंगळूरच्या हेब्बाळ परिसरात विकसित झालेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा व ग्रामप्रिया या सुधारित जाती वजनाला किंवा अंड्यांना चांगल्या. परंतु निवडीच्या ओघात त्यांची खुडूक होण्याची प्रवृत्ती फार कमी झाली आहे. यंत्राविना पिल्ले काढावयाची तर देशी खुडूक कोंबडीच लागते, आणि ती हवी तेव्हा आपल्याच घरी असेल असे नाही. म्हणून एकीची खुडूक कोंबडी दुसरीच्या अंड्यांवर बसते. बदल्यात दोन पिल्ले परत येतात. कोंबडा गल्लीत एखादाच असतो आणि तो सर्वांचा असतो. डालगी, टोपल्या, पेंढा, अंडी यांची ये-जा चालू राहते. कोंबड्या तर दिवसभर कोणाचे कुंपण मानीतच नाहीत. एकाच खड्ड्यात त्या सगळ्या धूळस्नान करतात.

हा स्नेह मोलाचा आहे. मात्र ज्या वाटेने खुडूक कोंबडी जाते, त्याच वाटेने तिच्यावरील परोपजीवीही जातात.

दोन प्रकारचे प्रवासी

बाह्य परोपजीवींचे ढोबळमानाने दोन गट करता येतात. काही खुराड्यात राहतात व कोंबडीकडे केवळ जेवायला येतात. काही कोंबडीच्या अंगावरच संसार थाटतात. कोणता उपाय कोठे करावयाचा, हे या भेदावर ठरते.

पहिल्या गटात तांबडा कोळी (डर्मॅनिसस गॅलिने) येतो. लांबी एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. उपाशी असताना करडा, रक्त प्यायल्यावर तांबडा. दिवसा तो बसण्याच्या दांड्यांच्या खालच्या बाजूस, बांबूच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत दडतो. अंधार पडला की बाहेर येतो, तासाभरात रक्त पिऊन पुन्हा भेगेत शिरतो. दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करून पाहिली तरी अंगावर काही सापडत नाही, ते यामुळेच. मादी प्रत्येक जेवणानंतर भेगेतच चार ते आठ अंडी घालते. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सात-आठ दिवसांत पुरा होतो. थंड व दमट जागी तो रक्ताविना कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे रिकामे ठेवलेले खुराडे निर्धोक झाले, हा समज चुकीचा आहे. त्याच भेगांत राहणारी कोंबडीची मऊ गोचीड (अर्गास पर्सिकस) तर वर्षभराहून अधिक काळ उपाशी राहू शकते आणि स्पायरोकीटोसिस या तापाच्या रोगाचे जंतूही पसरविते.

दुसऱ्या गटात पिसांमधल्या उवा येतात. गुदद्वाराभोवतीची कातडी, पंखांखालचा भाग ही त्यांची आवडती ठिकाणे. पिसांच्या मुळाशी चिकटलेले पांढरे पुंजके म्हणजे त्यांची अंडी. उवा कोंबडीपासून दूर पडल्यास साधारण आठवडाभरात मरतात. डोक्यावरची ऊ आईच्या अंगावरून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या डोक्यावर जाते व अशक्त पिल्ले दगावतात. उष्णकटिबंधीय कोळी (ऑर्निथोनिसस बर्सा) अंगावर आणि घरट्यात अशा दोन्ही ठिकाणी वाढतो. चिमण्या, साळुंक्या व पारव्यांची घरटी हाही कोळ्यांचा एक उगम आहे. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती मोहरीच्या दाण्यांसारखी चिकटून बसते ती कोंबडीची पिसू.

थोडक्यात, उवा कोंबडीच्या अंगावरून प्रवास करतात. तांबडा कोळी मुख्यतः डालग्यातून, टोपलीतून आणि पेंढ्यातून. गोचिडीची बाल्यावस्था काही दिवस कोंबडीला चिकटून राहते, म्हणून ती दोन्ही वाटांनी पसरते.

एकवीस दिवसांचे गणित

खुडूक कोंबडी ही या साऱ्यांना मिळालेली मेजवानी असते. ती एकवीस दिवस जागेवरून हलत नाही. दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, दाणापाणी करते आणि परतते. नेहमीचे धूळस्नान जवळजवळ थांबते. तिच्या पोटाखाली ऊब आहे, अंधार आहे, लपायला पेंढा आहे. कोळ्याची एक पिढी सात दिवसांची धरली, तर एका बैठकीत तीन पिढ्या होतात. एका मादीमागे प्रत्येक पिढीत केवळ पाच माद्या जगल्या असे मानले, तरी एकीच्या एकशे पंचवीस होतात. आणि सुरुवात एकीपासून होते असेही नाही.

परिणाम ओळखीचे आहेत. तुरा फिकट पडतो. अंड्यांवर बारीक तांबडे ठिपके दिसतात. कोंबडी अंडी सोडून उठते आणि आत वाढणारी पिल्ले गारठून मरतात. घरातील माणसे ‘यंदा अंडी वांझ निघाली’ किंवा ‘दृष्ट लागली’ असे म्हणून टोपली झटकतात आणि ती शेजारणीला देतात. खुराडे राहत्या घराच्या भिंतीला लागून असेल, तर रात्री मुलांच्या अंगावर खाजरे लाल चट्टे उठतात. तांबडा कोळी माणसाच्या अंगावर राहत नाही, पण भूक लागल्यास चावतो.

एकट्याचा उपाय अपुरा का पडतो?

समजा, एका आळीत सहा घरे आहेत. पहिल्या घराने या महिन्यात खुराडे धुतले, दुसऱ्याने पुढच्या महिन्यात, तिसऱ्याने काहीच केले नाही. पहिल्या घरातील कोळी संपले, तोच तिसऱ्या घरातून टोपली आली. पहिल्या घराला वाटते, उपाय लागू पडला नाही. मग औषधाची मात्रा वाढते, किंवा शेतातले कीटकनाशक खुराड्यात येते. वास्तविक उपाय बरोबर होता; त्याची वेळ मात्र चुकली होती.

येथे एक नाजूक अडचण आहे. आपल्या खुराड्यात कीड आहे हे सांगणे म्हणजे आपण अस्वच्छ आहोत अशी कबुली देणे, असे अनेकींना वाटते. म्हणून ही गोष्ट झाकली जाते आणि झाकलेली कीड फिरत राहते. तांबडा कोळी अस्वच्छतेची निशाणी नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. युरोपातील आधुनिक, काटेकोर कोंबडीगृहेही त्याने ग्रासलेली आहेत. त्याला हवी असते भेग आणि कोंबडी. या दोन्ही गोष्टी झाडलोट केलेल्या घरीही असतात. आळीतील पहिल्या बाईने ‘माझ्याकडे आहे’ असे मोकळेपणाने म्हणणे, ही नियंत्रणाची पहिली पायरी आहे.

आळीने मिळून करावयाचे काम

तपासणी सोपी आहे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पांढरे कापड बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूने दाबून पुसावे. तांबड्या रेघा उमटल्या तर कोळी आहेत. दांडीला पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी बांधून ती तीन-चार दिवसांनी उघडून पाहिली, तरी दडलेले कोळी सापडतात. ती गुंडाळी जाळून टाकावी. उवांसाठी दिवसा पंखांखालची व गुदद्वाराजवळची पिसे फुंकर मारून पाहावीत. सर्व घरांनी एकाच आठवड्यात तपासणी करावी.

कीड आढळल्यास सर्व घरांनी ठरलेल्या एकाच दिवशी खुराडी रिकामी करून पेंढा व तूस जाळावे. दांड्या, डालगी व सांधे यांवर उकळते पाणी ओतावे. भेगा चिखल-चुन्याने लिंपून भिंतींना चुना द्यावा. दांडी भिंतीला टेकू देऊ नये. तिच्या पायांना वंगणाचा पट्टा दिल्यास भिंतीतून येणाऱ्या कोळ्यांची वाट अडते. हेच काम आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा करावे. पहिल्या दिवशी वाचलेल्या अंड्यांतून निघालेली पिढी नवी अंडी घालण्याआधी सापडावी, हा या पुनरावृत्तीचा हेतू आहे. ती टाळली तर पहिल्या दिवसाचे श्रम वाया जातात.

४५ अंशांपलीकडच्या उष्णतेत तांबडा कोळी फार काळ जगत नाही. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात वैशाखातील तापलेल्या पत्र्यावर टोपल्या दिवसभर पालथ्या घालणे हाही उपाय ठरतो. होसकोटे सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. तेथील सौम्य हवा कोळ्यांना वर्षभर मानवते, म्हणून तेथे उकळत्या पाण्याला पर्याय नाही.

अंगावरील उवा-कोळ्यांसाठी धूळस्नानाची सोय उत्तम. पावसापासून आडोसा असलेल्या जागी खोलगट पाटीत कोरडी माती व चाळलेली राख ठेवावी. कॅलिफोर्नियात झालेल्या प्रयोगांत धूळस्नानाच्या वाळूत गंधकाची भुकटी मिसळल्यावर कोंबड्यांवरील कोळी व उवा जवळजवळ नाहीशा झाल्या. गंधक वापरावयाचे तर ते पशुवैद्यकाला विचारून, शुद्ध भुकटीच्या रूपात वापरावे. लहान पिल्लांच्या अंगावर कोणतीही भुकटी टाकू नये.

खुडूक कोंबडी उसनी देताना एक साधा दंडक पाळावा: कोंबडी तपासून द्यावी, टोपली देऊ नये. घेणाऱ्या घराने स्वतःची, ऊन किंवा उकळते पाणी दिलेली टोपली आणि नवा पेंढा वापरावा. बाजारातून आणलेला पक्षी दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडीसारखे संसर्गजन्य रोग रोखण्यासही हा काळ उपयोगी पडतो. देवी रोगाचे विषाणू डासांमार्फत पसरतात, म्हणून पाणी साचू न देणे व लसीकरण हेही आळीने मिळूनच करावे.

शेतातील औषध खुराड्यात नको

२०१७ साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये तांबड्या कोळ्याच्या बंदोबस्तासाठी कोंबडीगृहांत फिप्रोनिल वापरले गेल्याचे उघड झाले. त्याचे अंश अंड्यांत उतरले होते. लाखो अंडी नष्ट करावी लागली, अनेक कोंबडीगृहे बंद ठेवावी लागली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे भात व भाजीपाल्यावरील कीटकनाशक म्हणून घरात असते. परसातील अंडे कोणत्याही प्रयोगशाळेतून जात नाही. ते थेट मुलाच्या ताटात जाते. त्यामुळे पिकासाठीचे कीटकनाशक कोंबडीवर, घरट्यात किंवा दांडीवर वापरणे पूर्णपणे टाळावे. पशुवैद्यकाने औषध दिल्यास अंडी किती दिवस खाऊ नयेत, हे विचारूनच घ्यावे.

होसकोट्याच्या परिसरात आणखी एक कारण आहे. तेथे तुतीची लागवड व रेशीमकीटक संगोपन चालते. शेजारच्या खुराड्यात उडविलेली कीटकनाशकाची भुकटी वाऱ्याने, हातांनी, टोपल्यांतून संगोपनगृहात पोहोचली, तर कोंबडीवरचा कोळी मरो न मरो, शेजाऱ्याचे रेशीमकिडे मरतात. जालना-बीडकडील रेशीम उत्पादकांनीही याची नोंद घ्यावी.

खुराडे प्रत्येकीचे वेगळे असते; त्यातील कीड मात्र सामायिक असते. खुडूक कोंबडी उसनी देण्याची चाल त्यासाठी मोडण्याचे कारण नाही. आळीने आपल्यातील दोघींकडे तपासणीचे पांढरे कापड सोपवावे आणि पुढील खुडूक कोंबडी बसविण्यापूर्वी सर्व घरांसाठी एक दिवस ठरवावा. पहिल्या तपासणीत जिच्या दांडीवर तांबडी रेघ उमटेल, तिला दोष न देता तिच्याकडील उकळत्या पाण्याला आधी हात लावावा.