छातीवरचे पंख आणि इंद्राचे वज्र

तापी नदी सागरास मिळते तेथील हजीरा हे नाव आज खत, पोलाद आणि नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. येथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात 'वज्र' नावाची स्वयंचलित तोफ आकारास आली. शंभर तोफांचा करार २०१७ साली झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत बाहेर पडली. तोफ भूदलाची, हे खरे. परंतु तिचे नाव ज्या पुराणकथेतून आले, त्याच कथेतून आपल्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदकही आले आहे. ते घडविणाऱ्या हातांचे मराठी घराशी नाते होते, आणि हवाई दलाच्या इतिहासात ते पदक आजवर एकाच वीराला लाभले आहे. म्हणून वैमानिकाच्या छातीवर दिसणाऱ्या चिन्हांचा अर्थ आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

ही चिन्हे दोन प्रकारची असतात. पहिले पात्रतेचे. शिक्षण पुरे करून, परीक्षा देऊन ते मिळवावे लागते. दुसरे गौरवाचे. ते मागून मिळत नाही. केलेल्या कृत्याची दखल म्हणून राष्ट्र ते अर्पण करते. डाव्या खिशाच्या वर पदकांच्या फितींची ओळ असते आणि तिच्याही वर पंख. पंख सांगतात, हा मनुष्य काय करू शकतो. पदक सांगते, त्याने काय केले.

पंखांची कथा १९१३ सालची. ब्रिटनच्या 'रॉयल फ्लाइंग कोअर' या नवजात दलातील वैमानिकांसाठी त्या वर्षी फेब्रुवारीत राजे पाचवे जॉर्ज यांनी पसरलेल्या दोन पंखांचे चिन्ह मंजूर केले. १९१५ साली विमानात निरीक्षक म्हणून जाणाऱ्यांसाठी एकाच पंखाचे चिन्ह आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मार्गदर्शक, तोफची, अभियंता अशा प्रत्येकाच्या एकेरी पंखाशेजारी त्याच्या कामाचे आद्याक्षर विणले जाऊ लागले. जाणकाराला नुसत्या बिल्ल्यावरून त्या मनुष्याची विमानातली जागा कळे.

हे दुहेरी पंख मिळविणाऱ्या पहिल्या मूठभर भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर उड्डाण करीत असता जून १९१८ मध्ये त्यांना वीरमरण आले. तेथील दफनभूमीतच त्यांची समाधी आहे. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, तेरा दिवसांत दहा विजय नोंदवून, धारातीर्थी पडले. रॉय यांना मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळाला. हे पदक त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाले होते. त्याच्या फितीवरील पट्टे आरंभी आडवे होते. १९१९ साली ते तिरपे करण्यात आले, आणि तिरपा पट्टा ही हवाई शौर्यपदकांची खूण ठरली.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. देश प्रजासत्ताक झाल्यावर वैमानिकांच्या पंखांवरील राजमुकुट गेला आणि तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. पदकांचा प्रश्न मात्र अधिक नाजूक होता. परक्या राजाच्या क्रॉसऐवजी आपले स्वतःचे असे काय असावे? हे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सावित्रीबाई खानोलकर यांच्याकडे सोपविले.

सावित्रीबाईंचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. माहेरचे नाव इव्ह. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ साली त्यांचा विवाह झाला आणि त्या या देशाशी इतक्या समरस झाल्या, की पुढे महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्या दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या, त्यांचे स्मरण परमवीर चक्राच्या रचनेत आहे. साध्या कांस्याच्या वर्तुळावर मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. फीत एकरंगी जांभळी. सोने नाही, रत्न नाही. स्वदेहाचे दान हाच त्याचा अर्थ. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले हे पदक १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले.

हवाई दलातील ते एकमेव परमवीर म्हणजे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा बॉम्बवर्षावातच आपले छोटेसे नॅट विमान घेऊन ते वर झेपावले आणि लढता लढता पडले. महावीर चक्राच्या मानकऱ्यांत आपले हृषीकेश मुळगावकर आहेत. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेसाठी तो मान मिळविणारे हे अधिकारी १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख होते.

वायुसेना पदक १९६० साली आले. त्याच्या मागील बाजूस हिमालयातील गरुड आहे आणि फितीवर करड्या व केशरी रंगांचे तेच तिरपे पट्टे. दिलीप परुळकर यांना ते १९६५ च्या युद्धासाठी मिळाले. हाताला जखम झाली असता, उडी टाकण्याचा सल्ला मिळूनही, त्यांनी जायबंदी विमान तळावर सुखरूप उतरविले. १९७१ मध्ये ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून त्यांनी केलेले धाडसी पलायन सीमेजवळ येऊन फसले, तरी त्यांचे नेतृत्व विशिष्ट सेवा पदकाने गौरविले गेले. २०२५ साली ते निवर्तले.

आता वाचकांना एक विनंती. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक घरांत आजोबांच्या वा काकांच्या पेटीत असे एखादे पदक, कापडी पंख वा विटलेली फीत पडून असेल. नोकरीनिमित्त घरे बदलतात, पिढ्या बदलतात, आणि वस्तू राहते पण तिची ओळख हरवते. पदकाच्या कडेवर कोरलेले नाव व क्रमांक असल्यास तो वहीत उतरवून ठेवा. चकाकी आणण्यासाठी ते घासू नका, अक्षरे झिजतात. फीत फाटली असली तरी टाकू नका. आणि ज्यांना आठवते अशी वडीलधारी मंडळी घरात आहेत, तोवर कोणाला, कोठे, कशासाठी मिळाले एवढे तरी विचारून ठेवा.

पेटीत नुसते पंखच निघाले आणि पदक नसले, तरी त्यात उणे मानू नये. पदक बहुधा एखाद्या दिवसाची कहाणी सांगते. पंख लावणारा मात्र प्रत्येक उड्डाणाला तीच जोखीम पत्करून निघालेला असतो. श्रीकृष्ण वेलिणकरांच्या छातीवर पंखच होते.