कर्व्यांची आई आणि बाळूची आई

वाचकहो, जरा आठवून बघा. तुमच्या आईला आळीतल्या बायका काय म्हणून हाक मारतात? तिचं नाव घेऊन, की कुणाची तरी आई म्हणून? हा प्रश्न माझा नाही. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका पोरीनं तो मला विचारला, आणि इतकी वर्षं खडू झिजवलेल्या या मास्तरला चटकन काही बोलता आलं नाही.

आमचं गाव फलटणच्या पुढे, पालखीच्या वाटेपासून कोसभर आत. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. घरोघरी बाजरीचं बियाणं आणून ठेवलेलं, पण पेरायला वाफसा नाही. मोठ्या माणसांचे चेहरे उतरले की पोरांचंही वर्गात लक्ष लागत नाही. म्हणून एक दिवस पाठ्यपुस्तक मिटलं आणि कपाटातून इरावती कर्वे यांचं 'परिपूर्ती' काढलं. म्हटलं, आज मी वाचतो, तुम्ही नुसतं ऐका. मग घरी जाऊन जे वाटेल ते वहीत लिहून आणा. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.

इरावतीबाईंचं नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी 'युगान्त'मुळे ऐकलं असेल. महाभारतातल्या माणसांवरच्या त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई जन्मल्या १९०५ साली ब्रह्मदेशात. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. शिकायला पुण्यात आल्या, पुढे जर्मनीला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात माणसांच्या चालीरीती, जाती, नातीगोती यांचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला. पुण्याच्या रस्त्यावर त्या काळी स्कूटर चालवत, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या मुली एकदम ताठ बसल्या! पण एवढ्या विद्वान बाईंनी स्वतःच्या घरादाराविषयी जे लिहिलं, ते अगदी चुलीपाशी बसून बोलावं तसं लिहिलं आहे.

'परिपूर्ती' पुस्तक १९४९चं. त्यात त्याच नावाचा एक छोटा लेख आहे. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी, शिवाय स्वतः शिकलेल्या. ओळख झाली, पण बाईंना वाटत राहिलं की यात काहीतरी राहून गेलं. मग एकदा रस्त्यानं जाताना शाळकरी पोरांची कुजबूज कानावर आली. ही बाई म्हणजे आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असं एक पोरगं दुसऱ्याला दाखवत होतं. आणि बाईंना वाटलं, राहिलेलं ते हेच.

मला हा लेख फार आवडतो. वाचताना माझा आवाज जरा जड झाला, हे कबूल करतो. पोरंही तसंच लिहितील अशी माझी समजूत. मुलग्यांनी लिहिलंही तसंच. 'आईपेक्षा मोठं काही नाही' हे वाक्य मी अकरा वह्यांत वाचलं. एकानं तर निबंधाच्या गाईडातला उताराच उतरवून आणला होता.

मग एका मुलीची वही हाती आली. तिनं चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ असा, की बाईंना आधीच तीन-चार ओळखी होत्या, म्हणून ही शेवटची गोड लागली. माझ्या आईला ही एकच ओळख आहे. आणि तीही माझी नाही. मी थोरली, पण सगळे तिला बाळूची आई म्हणतात. आईचं नाव घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तुमच्या आईला काय म्हणायचे, गुरुजी?

माझ्या आईला 'मास्तरची आई' म्हणायचे. त्याच्या आधी काय म्हणायचे, ते मला आठवेना.

मी दाखल्याचं जनरल रजिस्टर उघडलं. त्यात आईच्या नावाचा रकाना असतो. प्रत्येक मुलाच्या पुढे तो माझ्याच हातानं भरलेला. पण वर्गातल्या छत्तीस पोरांपैकी तिघांच्याही आयांची नावं मला न बघता सांगता आली नसती. बापांची सगळी पाठ! आता सरकारनंच नियम केला आहे, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचं. कागदावर नाव आलं. तोंडात कधी येईल कोण जाणे. सातबाऱ्याची गोष्ट तर निराळीच. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, घरधन्यानं राजीखुशीनं बायकोच्या नावावर थोडी जमीन करावी म्हणून. आपल्या गावात तेव्हा कुणी केली होती का, हे घरात एकदा विचारून पाहा.

पुढच्या आठवड्यात बाईंचा वारीवरचा लेख वाचला, 'वाटचाल'. आळंदीहून पालखीबरोबर बाई पायी पंढरपूरला गेल्या, त्याची हकिगत. इथे मात्र पोरं माझ्यावर वरचढ झाली. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, बरडचा मुक्काम, सामानाचा ट्रक पुढे धाडून तंबू कसे ठोकतात, हे सगळं त्यांच्या पायाखालचं. एकानं बेधडक लिहिलं, की बाई एकदा गेल्या तर एवढं लिहिलं, आमची आजी बावीस वर्षं जाते, पण तिला लिहिता येत नाही.

त्या लेखात एक बोच आहे. सारी दिंडी एका देवाचं नाव घेत चालते, पण जेवायच्या वेळी ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे. बाईंना रोज याचं वाईट वाटायचं. साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून उपोषण केलं ते १९४७ सालच्या मे महिन्यात. लेख त्याच काळातला. बावीस वारी केलेल्या आजीच्या नातवाला मी म्हटलं, आजीला विचारून ये, आता कसं आहे?

त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आजी म्हणाली, "पंगत एकच हाय बाळा. पण वाढायला कोन असतंय आन् भांडी घासायला कोन, ते बघून सांग मला."

वर्ग गप्प बसला. मीही पुढे काही समजावून सांगितलं नाही. आजीच्या वाक्यावर मास्तरनं काय भाष्य करायचं!

पालक सभेला बाळूची आई आली. मेंढरं दिराच्या हवाली करून आली होती. सभा संपल्यावर दाराशी थांबली. पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, पोरगी त्या बाईंचं सांगत व्हती. त्यास्नी लेकी न्हवत्या का?"

"होत्या की, दोन," मी म्हटलं. "धाकटी गौरी देशपांडे, मराठीतली मोठी लेखिका. आणि थोरली जाई, तीही लिहिणारी. ती तर इथंच, फलटणला दिली होती. निंबकरांकडे."

"कुठलं निंबकर? मेंढ्यांचं?"

"तेच." जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी फलटणच्या निंबकरांच्या संस्थेनं तयार केली. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ जात दख्खनी मेंढीत आणून, पुष्कळ वर्षं खपून. त्या कामात पुढे असलेल्या चंदा निंबकर म्हणजे जाईबाईंची लेक, इरावतीबाईंची नात. हे मी तिला सांगितलं.

ती थोडा वेळ उभी राहिली. "म्हंजी त्या बाईंच्या लेकीच्या लेकीनं," ती बोटावर मोजल्यासारखं म्हणाली. मग हसली. "तिकडचा एक नर आणायचा कवाधरनं मालकास्नी सांगतेय मी."

पोरगी जवळच उभी होती. मी विचारलं, "तुमचं नाव काय हो बाई?"

तिनं आधी लेकीकडं बघितलं. मग म्हणाली, "हिलाच इचारा." आणि पोरीनं आईचं नाव मोठ्यानं सांगितलं.