झोपायची गाडी: डिझेलची की पेट्रोलची?

मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात हल्ली क्वचित एखादी वेगळी व्हॅन दिसते. टपावर सौर पॅनेल, मागच्या काचांना पडदे, आत गादी, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी. शनिवारी पहाटे नाशिकच्या नाहीतर अहमदाबादच्या महामार्गाने निघायचे, रात्र गाडीतच काढायची आणि रविवारी परतायचे, असा बेत. अशी गाडी घ्यायचे ठरले की पहिला वाद इंधनाचा होतो. कोणी म्हणते डिझेल, कोणी म्हणते पेट्रोल, आणि दोघेही बोलत असतात ॲव्हरेजबद्दल. पण ज्या गाडीत माणसे झोपणार, तिच्याबाबतीत हा प्रश्न फुप्फुसांचाही असतो.

खरे तर निम्मी निवड आकारानेच होऊन जाते. आत उभे राहून वावरता येईल अशी गाडी हवी तर आपल्याकडे बहुधा फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या जातीची व्हॅन घ्यावी लागते, आणि त्या मुख्यतः डिझेलच्या. पेट्रोलच हवे असेल तर मारुती ईकोसारख्या छोट्या व्हॅनमध्ये दोघांची पथारी पसरता येते. पाण्याची भरलेली टाकी, फर्निचर आणि चार माणसे घेऊन कसारा घाट चढताना डिझेलचा जोर कळतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते, आणि लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते.

मात्र आठवड्यातले उरलेले पाच दिवस गाडी उपनगरात असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत चढावे लागते आणि गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर ते कसे जमणार? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीची गाळणी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजची वारी घडते. दर पंधरवड्याला महामार्गावर निघणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. वर्षातून दोनदा गावी आणि बाकी भाजीबाजार, असा वापर असेल तर डिझेल घेऊ नये.

जुनी डिझेल व्हॅन स्वस्तात घेऊन तिची घरगाडी करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. २०२० पूर्वीच्या बहुतेक डिझेल गाड्यांना ही गाळणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकला. पेट्रोल इंजिनाचा धूर ‘२ ब’ म्हणजे ‘शक्यता आहे’ या गटात राहिला. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नव्हे. डिझेलविरुद्धचा पुरावा प्रामुख्याने वर्षानुवर्षे त्या धुरात काम केलेल्या खाणकामगारांसारख्या लोकांच्या अभ्यासातून आला आहे. म्हणून एका सहलीने घाबरून जायचे कारण नाही. पण सामान भरताना अर्धा तास घरघरत उभ्या राहणाऱ्या गाडीचा धूर तळमजल्याच्या खिडकीतून घरात शिरतो, आणि तिथल्या दमेकऱ्याने काही सहल काढलेली नसते.

मग पेट्रोल निर्धोक का? तर तसेही नाही, आणि झोपायच्या गाडीत तर मुळीच नाही. डिझेल इंजिनात जळताना हवा मुबलक असते, म्हणून कार्बन मोनॉक्साइड कमी तयार होतो. पेट्रोल इंजिनात हवा मोजून-मापून येते आणि हा वायू जास्त बनतो. गाडीतला उत्प्रेरक त्याचा बंदोबस्त करतो, पण तो तापल्यावरच. छोट्या पेट्रोल जनरेटरला तर बहुधा उत्प्रेरकच नसतो. गंमत अशी की डिझेल गाडी घेणाराही रात्री एसी चालावा म्हणून हाच जनरेटर मागे बसवून घेतो. म्हणजे वाद घालून टाळलेले पेट्रोल शेवटी अंथरुणाखाली येऊन बसते!

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या छिद्रातून आत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. घाट उतरून आलेल्या माणसाला वाटते गाडी लागली, थोडे पडावे. आणि तो झोपतो.

पावसाळ्यात तर काचा बंद, मागे दरड किंवा भिंत आणि एसीसाठी इंजिन चालू, असा प्रकार सर्रास होतो. इंजिन कोणतेही असो, ते किंवा जनरेटर चालू ठेवून आत झोपायचे नाही. पंखा, दिवे आणि मोबाइल चार्जिंग सौर पॅनेल आणि वेगळ्या बॅटरीवर आरामात भागते. एसीचा हट्ट असेल तर बाहेरून वीज मिळेल अशा ठिकाणीच मुक्काम करावा. पाइप आणि वायरींसाठी तळाला पाडलेली भोके नीट बुजवली आहेत की नाहीत, हे ताबा घेताना स्वतः वाकून पाहावे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून भोंगा वाजवणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र मिळते. हा वायू साधारण हवेइतकाच जड असल्याने ते तळाशी किंवा छताला न लावता झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावावे.

पेट्रोलची छोटी व्हॅन घेतली तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषते. गाडी जून ते सप्टेंबर झाकून ठेवणार असाल तर टाकी अर्धी रिकामी सोडू नये आणि पंधरा दिवसांतून एकदा ती फिरवून आणावी, म्हणजे बॅटरीही उतरत नाही. आणि आतली मोडतोड सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही.