सव्वाचार टनांचा जॉब, तीन शतांशांची फट

भोसरी-चिंचवडच्या एखाद्या टूलरूमची खरी ओळख करून घ्यायची असेल तर पुढच्या हॉलमधल्या चकचकीत मशीनपाशी थांबू नये. सरळ मागे, फिटर आणि पॉलिशवाले बसतात तिकडे जावं. एका साच्यावर दगड आणि पेपर घेऊन माणसं किती दिवस बसली आहेत, कोअर आणि कॅव्हिटी जुळवताना ब्लू, म्हणजे टेकतं कुठे ते दाखवणारा निळा रंग, किती वेळा मारावा लागतोय, हँड ग्राइंडर किती वेळ चालतोय, यावरून पुढच्या मशीनची कुवत कळते. मोठं व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, घ्यायला निघालेल्याने कॅटलॉग उघडण्याआधी हा हिशेब मांडावा, असं माझं ठाम मत आहे. डाय-मोल्डच्या कामात मशीन जे मागे ठेवतं ते हाताने निस्तरावं लागतं. हाताला वेळ लागतो, पैसा लागतो आणि मापाची खात्री राहत नाही.

पुण्याच्या या पट्ट्याला साच्यांची सवय जुनी आहे. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, इथला कारखाना 1966 सालचा. टूल आणि डाय घरात बनवता आले पाहिजेत हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांचा आग्रह होता, आणि त्या वातावरणात तयार झालेल्या टूलमेकरांच्या कसबाचा फायदा पुढे भोसरी, आकुर्डी, चाकणच्या छोट्या शेडनाही झाला. त्या काळी लाकडाचं किंवा रेझिनचं मॉडेल करायचं, त्यावरून स्टायलस फिरायचा आणि कॉपी मिलिंग मशीन त्याच्या मागोमाग पोलाद कापायचं. उरलेला आकार फिटरच्या कानशीच्या आणि नजरेच्या वाट्याला यायचा. आता मॉडेल कॉम्प्युटरमध्ये असतं, त्यामुळे कटर नेमका कुठे जायला हवा हे ठरलेलं असतं. तो तिथे खरोखर जातो का, हा प्रश्न मशीनचा.

एक जॉब डोळ्यांसमोर धरू. पी-20 पोलादाचा ठोकळा, 1200 बाय 900, उंची 500 मिलिमीटर. वजन सव्वाचार टनांच्या आसपास. रफिंगमध्ये त्यातला मोठा हिस्सा चिप होऊन निघून जातो. तिथे ताकद हवी, टॉर्क हवा, आणि बहुतेक मशीन ते काम रेटून नेतात. खरी परीक्षा फिनिशिंगला सुरू होते. 10 मिलिमीटरचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, घेतला आणि दोन पासमधलं अंतर 0.3 ठेवलं, तर मधे उरणारी धार सव्वादोन मायक्रॉनची असते. पॉलिशवाल्याला ती चालते. पण 900 मिलिमीटर रुंदीत असे 3000 पास बसतात. प्रत्येक पास 1.2 मीटरचा, म्हणजे कटरचा प्रवास 3600 मीटर. मिनिटाला तीन मीटर फीड धरला तर वीस तास. पृष्ठभाग सपाट धरून केलेला हा हिशेब आहे. वळणं आणि खोल खाचा आल्या की वेळ आणखी वाढतो.

या वीस तासांत दिवसपाळी संपते, रात्रपाळी होते आणि पुन्हा सकाळ उजाडते. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली शेड तापते, पहाटे निवते. पोलादाचा एक मीटर एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतो. सगळं एकाच वेगाने तापलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण जाडजूड जॉब सावकाश तापतो, बॉलस्क्रू चालून चालून लवकर तापतो, आणि स्पिंडल सुरू झाल्यावर काही मायक्रॉन खाली सरकतो. सकाळी पृष्ठभागावर बोट फिरवलं तर रात्री कटर बदलला त्या जागी पायरी लागते. वीस मायक्रॉनची पायरी डोळ्याला नेहमी दिसतेच असं नाही, बोटाला मात्र हमखास लागते. ती घालवायची तर पायरीपुरतं घासून भागत नाही. त्या बाजूचा सगळा पृष्ठभाग तेवढा खाली न्यावा लागतो. पॉलिशवाल्याचे दिवस जातात ते इथे.

म्हणून मशीनच्या रचनेकडे पाहताना मी पहिला प्रश्न उष्णतेचा विचारतो. नेहमीच्या सी-फ्रेम व्हीएमसीत कॉलम मागे असतो आणि स्पिंडल हेड पुढे लोंबतं. टेबल रुंद होत जाईल तसं ते लोंबणं वाढतं. हेड तापलं की स्पिंडल वायच्या दिशेने पुढे ढकलला जातो. डबल कॉलममध्ये दोन खांबांवर आडवी तुळई असते आणि ताप दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो, त्यामुळे स्पिंडल फारशी जागा सोडत नाही. वाय ट्रॅव्हल 800-900च्या पुढे जायची गरज असेल, तर पैसे जास्त पडले तरी डबल कॉलमच घ्यावं. बॉलस्क्रूच्या आतून थंड तेल फिरतं का, आणि जागा मोजायला स्क्रूऐवजी वेगळी लिनियर स्केल बसवली आहे का, हे दोन प्रश्न त्याच ओघात विचारून टाकावेत.

मशीनचे अक्ष सरकवायला घसरते बॉक्स वे की रोलरवर चालणारे एलएम गाइड, हा वाद प्रत्येक टूलरूममध्ये रंगतो. हाताने स्क्रेप केलेले बॉक्स वे जड कटाला धक्का पचवतात, कंप दाबतात. एलएम गाइड हलके चालतात, दिशा चटकन बदलतात, आणि बारीक फिनिशिंगला तेच लागतं. स्पिंडलचंही तसंच. बीटी-50 टेपरचा स्पिंडल साधारण सहा-आठ हजार आरपीएमचा. रफिंगला उत्तम, पण बारीक बॉलनोजला अपुरा. बीटी-40 किंवा एचएसके-63 बारा हजारांच्या पुढे सहज जातो, मात्र मोठा कटर लावला की दमतो. दोन्ही कामं एकाच मशीनवर करायचा मोह मला समजतो, कारण भांडवल एकदाच घालायचं असतं. तरीही ज्यांच्याकडे जुनं दणकट मशीन आहे त्यांनी रफिंग त्यावरच ठेवावं आणि नवा पैसा फक्त फिनिशिंगच्या मशीनला लावावा. रफिंगच्या दणक्यांपासून वाचलेला स्पिंडल वर्षानुवर्षं माप धरतो.

कॅटलॉगमध्ये रॅपिड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, ठळक छापलेला असतो. साच्याच्या कामात त्याचं महत्त्व थोडं. महत्त्व आहे ते कोपऱ्यात फीड किती टिकतो याला. कॅम सॉफ्टवेअरने काढलेला प्रोग्राम म्हणजे हजारो छोट्या सरळ रेषा. रेघ 0.1 मिलिमीटरची आणि फीड मिनिटाला सहा मीटर असेल, तर कंट्रोलरला सेकंदाला हजार ओळी वाचून पुढची वळणं आधीच ओळखावी लागतात. फानुक असो, सीमेन्स असो की हायडेनहाइन, साच्याचं पॅकेज घेतलं आहे का हे कोटेशनमध्ये नीट वाचावं. अनेकदा तो ऑप्शन वेगळा असतो आणि दर कमी करताना सगळ्यात आधी तोच गळतो. मग छापलेला फीड कागदावर राहतो आणि मशीन वळणावर अडखळत चालतं.

झेडच्या बाबतीत लोक सहसा एकच बाजू पाहतात. उंच जॉब आत बसतो का, एवढंच. जॉबची उंची, खालचे पॅरलल, होल्डरसकट कटरची लांबी आणि टूल बदलायला लागणारी जागा, ही बेरीज करायचीच. पण स्पिंडल टेबलाच्या किती जवळ येतो हेही पाहायला हवं. तो खाली पोचत नसेल तर बुटक्या इन्सर्टसाठी जॉब ठोकळ्यांवर चढवावा लागतो किंवा कटर लांब बाहेर काढावा लागतो. कटर दुप्पट बाहेर काढला की त्याचं वाकणं आठपट होतं. पृष्ठभागावर लाटा उठतात, भिंतीला उतार येतो, आणि पार्टिंग लाइनवर कोअर-कॅव्हिटीत फट राहते. प्लास्टिकच्या साच्यात तीन-चार शतांश मिलिमीटरची फट फ्लॅश यायला पुरते.

टेबलावर किती टन चालतील हा आकडा वजन सगळीकडे पसरलेलं धरून दिलेला असतो. आपला जॉब चार पायांवर उभा राहणार असेल तर मशीनवाल्यांशी आधी बोलून घ्यावं. मग क्रेन. सव्वाचार टनांचा जॉब उचलायला पाच टनांची क्रेन हवी, आणि हुकाखाली जॉब मशीनच्या वरून पार जाईल एवढी उंची हवी. शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस असेल तर पाया वेगळा तोडून घ्यावा; प्रेसचा प्रत्येक ठोका नाहीतर पृष्ठभागावर उमटतो. आपल्याकडे गुरुवारची सुट्टी असते, त्याचाही विचार करावा. बुधवारी रात्री अर्ध्यावर थांबवलेलं फिनिशिंग शुक्रवारी सकाळी थंड मशीनवर पुढे नेलं की पायरी आलीच. वीज गेली तरी तेच. म्हणून स्टॅबिलायझर आणि बॅकअपची किंमत मशीनच्या किमतीत धरूनच बजेट करावं.

माणसांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममधून आणि अशा इतर संस्थांतून मोल्डचं शिकलेली मुलं येतात. पण मशीन कोणतं घ्यायचं या चर्चेला त्यांना क्वचितच बसवतात, आणि जुन्या फिटरला तर नाहीच. मला हे फार चुकीचं वाटतं. डेमोला मालक आणि परचेसवाला जातात, तासभर ॲल्युमिनियमचा सुंदर नमुना कापताना पाहून परततात. तासाभरात मशीन पुरतं तापतही नाही.

डेमोला आपलं पोलाद न्यावं. पार्टिंग लाइन असलेल्या कोअर-कॅव्हिटीची छोटी जोडी काढून द्यावी. सकाळी थंड मशीनवर सुरू करून रात्रभर चालू ठेवायला सांगावं, मधे मुद्दाम दोनदा कटर बदलायला लावावं. दुसऱ्या दिवशी दोन्ही भाग सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर तपासावेत आणि मग सोबत नेलेल्या आपल्या फिटरच्या हातात द्यावेत. त्याने पायऱ्यांवर बोट फिरवावं, ब्लू लावून जोडी मिटवून पाहावी, आणि हे आपल्या टेबलावर आलं तर किती तासांचं काम, ते सांगावं. दोन मशीनची तुलना त्या तासांवर करावी. वर्षाच्या साच्यांनी ते गुणले की किमतीतला फरक कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतं.

जपानहून आलेलं वापरलेलं मशीन घेतानाही हीच रीत ठेवावी. तिथे आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: स्पिंडलचा टेपर तोंडाशी घासून रुंदावला आहे का, टूल ओढून धरणाऱ्या स्प्रिंगांचा जोर उरला आहे का, आणि बॉलबार हे तपासणीचं उपकरण लावल्यावर वर्तुळ कुठे मोडतं. ऑर्डर काढताना शेवटच्या चाचणीची जागा आपलीच शेड लिहून घ्यावी. आपल्या पायावर, आपल्या विजेवर, तीच जोडी पुन्हा कापून ती फिटरने पास केल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.